पंखा, नळ आणि त्रिशला

सुकुमारअण्णा मगदूम यांनी जयसिंगपूर आणि आसपासच्या गावांना अर्धं आयुष्य ऐकवलं. लग्न असो, नेत्याचा वाढदिवस असो की निवडणुकीचा गुलाल, 'मगदूम साउंड'ची भिंत उभी राहिल्याशिवाय कुणाचा आनंद पुरा होत नसे. भिंत म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एकावर एक रचलेले स्पीकर. ती वाजायला लागली की म्हशी दूध चोरत, खिडक्यांच्या काचा थरथरत आणि म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून बाजूच्या गल्लीत शिरत. पुढे गावातली निम्मी माणसं 'आँ?' केल्याशिवाय बोलेनाशी झाली. त्यात अण्णांचा वाटा मोठा होता. उरलेला त्यांच्या स्पर्धकांचा.

कान जपा असं अण्णांना कुणी सांगितलंच नाही, असंही नाही. मिरजेच्या एका डॉक्टरनं चित्र काढून समजावलं होतं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते. तिच्यात केसासारख्या बारीक पेशी असतात. आवाज आला की त्या वाऱ्यावरच्या ज्वारीसारख्या डुलतात, आणि ते डुलणं मेंदूला कळवलं जातं. तुमची भिंत म्हणजे त्या ज्वारीवरची गारपीट. "फरक एवढाच," डॉक्टर म्हणाले, "की ज्वारी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. हे पीक जन्मात एकदाच." त्यांनी कानात घालायला स्पंजाचे बोळेही दिले. अण्णांनी ते घरी आणून कपाटावर ठेवले. स्पीकरवाल्यानं कानात बोळे घालून भिंतीपुढं उभं राहायचं, म्हणजे हलवायानं दुकानात बसून घरचा डबा खाण्यासारखं. गिऱ्हाईक काय म्हणेल?

मग काळ बदलला. सरकारनं आवाज मोजणारे ड्रोन आणले, आणि पोरांनी त्यावर उपाय म्हणून कानात घालायच्या गोळ्या आणल्या. आता मिरवणूक निघते ती अशी: पुढे मूर्ती, मागे पाचशे पोरं, प्रत्येकाच्या कानात तेच गाणं, आणि रस्त्यावर चपलांच्या फरफटीशिवाय काही नाही. पोरं घामाघूम होऊन नाचतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की गावाला एकदम मुंग्या चावल्यात. असल्या मुक्या मिरवणुकीत अण्णांना काम उरलं नाही. भिंत गोडाऊनमध्ये गेली आणि अण्णा घरी आले.

घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इथं कुणी मोठ्यानं बोलतच नाही.

"मला ऐकू येतं," ते सांगत. "लोकच पुटपुटतात." हे त्यांनी काही महिने सांगितलं. टीव्हीचा आवाज वाढवला, फोन टाळला, चार माणसांत बसणं सोडलं. लग्नाच्या पंगतीत शेजारचा काही बोलला की आधी हसायचं आणि तो गंभीर दिसला की हळूच गंभीर व्हायचं, हे तंत्र त्यांनी बसवलं. चष्मा त्यांना तिशीतच लागला होता आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. चष्म्यानं माणूस शिकलेला दिसतो. कानातल्या यंत्रानं म्हातारा दिसतो. अण्णांना शिकलेलं दिसायला हरकत नव्हती.

शेवटी पुण्याच्या मुलीनं, चंदनानं, व्हिडिओवर दम दिला. "अण्णा, मी सांगितलं मला बढती मिळाली, आणि तुम्ही म्हणालात 'डॉक्टरला दाखव'. आता तुम्हीच दाखवा."

---

मिरजेला रेवती सनदी नावाची ऑडिओलॉजिस्ट होती. कान तपासायचे, यंत्रं बसवायची आणि बसवून घेणाऱ्यांची भांडणं ऐकायची, असं तिचं काम. वय बेताचं, बोलणं स्पष्ट. अण्णांना ती पहिल्याच वाक्याला आवडली, कारण ते वाक्य त्यांना ऐकू आलं.

"उशिरा आलात अण्णा. ऐकणं कानात होत नाही, मेंदूत होतं. कान नुसता निरोप्या. बरीच वर्षं निरोप आला नाही की मेंदू त्या कामावरची माणसं दुसरीकडे पाठवतो. मग यंत्र लावलं तरी सगळा गोंगाट आत येतो आणि निवडणारं कुणी नसतं."

"मग काय उपयोग?"

"जुन्या यंत्राचा थोडा कमीच झाला असता. हे नवं बघा." तिनं वाटाण्याएवढी दोन गोल बोंडं पुढे केली. नाव 'कर्णधार'. नाव ठेवणाऱ्या कंपनीचा माणूस मराठी असावा आणि त्याला सुट्टी मिळत नसावी.

मग तिनं समजावलं. आपण चार जणांत बसलेलो असताना एकाचंच बोलणं मन लावून ऐकतो, तेव्हा मेंदूतल्या विजेच्या लाटा त्या माणसाच्या बोलण्याच्या चढउतारावर डुलायला लागतात. भजनात एकानं ठेका धरला की दुसऱ्याची मान आपोआप हलते, तसं. या बोंडाच्या अंगावर सोन्याचे ठिपके आहेत. ते कानाच्या कातडीवरून त्या लाटा वाचतात. यंत्र खोलीतले सगळे आवाज सुटे करतं, प्रत्येकाचा ताल मेंदूच्या तालाशी लावून बघतं, ज्याचा जुळतो तो उचलतं आणि बाकीचे खाली बसवतं.

"म्हणजे मला जे ऐकायचंय तेच ऐकू येणार?"

"तुमच्या मेंदूला जे ऐकायचंय ते," सनदी म्हणाली. "शिवाय ते तुमच्या सवयी शिकतं. दोनेक आठवड्यांनी त्याला विचारावं लागत नाही. कुणाचा आवाज उचलायचा हे त्याला आधीच माहीत असतं."

अण्णांना मेंदू आणि आपण यांत काही फरक असेल असं वाटलं नाही. त्यांनी यंत्र घेतलं.

पुढचे काही दिवस अण्णा लग्न ठरल्यासारखे हिंडले. कट्ट्यावर जाऊन बसले. ज्यांच्याशी बोलणं सोडलं होतं त्यांना शोधून काढलं. रिक्षा, हॉर्न, गिरणी हे सगळं पायरीखाली गेलं आणि समोरच्याचा आवाज तबकात ठेवून दिल्यासारखा येऊ लागला. तोंडाकडे बघत बसायची गरज उरली नाही. रस्त्याकडे बघत, पेपर चाळत, पाठ करूनसुद्धा ऐकता येऊ लागलं. चंदनाचा आवाज तिच्या आजीसारखा आहे हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं. बातम्या सांगणारी बाई तर इतकी जवळ येऊन बोलू लागली की अण्णा जरा सावरून बसले.

फक्त त्रिशला कुठं गेली ते कळेना.

त्रिशला म्हणजे त्यांची बायको. ती घरातच होती. स्वयंपाकघरातून बाहेर येत होती, पाणी भरत होती, देवळात जाऊन येत होती, आणि बोलतही असावी. पण तिचा आवाज लांबच्या शेतातून आल्यासारखा येई, अर्धा आणि पुसट, आणि तेवढ्यात टीव्हीवरची बाई त्याच्यावरून चालत जाई. यंत्र नव्हतं तेव्हा सगळंच पुसट होतं, त्यात तिचं वेगळं कळत नव्हतं. आता सगळं गाव स्वच्छ धुऊन उन्हात टाकल्यासारखं झालं होतं आणि एवढा एकच कपडा मळका राहिला होता.

अण्णा यंत्र पुसून, फुंकून, उलटं करून लावून बघत. मग मिरजेला गेले.

---

"बिघडलंय," ते म्हणाले. "आमच्या मंडळींचा आवाज धरत नाही. बाईमाणसाचा पातळ आवाज त्याला झेपत नसेल."

"माझा झेपतोय की," सनदी म्हणाली.

तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. घरी असताना यंत्रानं ठेवलेले आवाजांचे नमुने एकाच मोठेपणावर आणून एकामागून एक लावले. कट्ट्यावरचे मित्र आले, चंदना आली, बातम्यांची बाई आली. प्रत्येक आवाजाला पडद्यावरच्या दोन रेषा एकमेकींना बिलगून चालत होत्या. मग तिनं आणखी एक लावला. अण्णा वाट बघत राहिले.

"लावा की."

"लावलाय," सनदी म्हणाली.

पडद्यावर वरची रेष उड्या मारत होती. खालची, अण्णांच्या मेंदूची, बांधावर झोपलेल्या माणसासारखी आडवी होती.

तिनं यंत्र काढायला लावलं, आवाज वाढवला, आणि मग अण्णांना पुसटसं ऐकू आलं. त्रिशलाच होती. गॅसचं सिलिंडर संपत आल्याचं सांगत होती. अण्णांनी बोंडं पुन्हा कानात घातली.

"यंत्र ठीक आहे अण्णा." सनदीनं आवाज उगाचच हळू केला. "तुमचा मेंदू हा आवाज ऐकायचं टाळतो. मुद्दाम नाही. पंखा चालू असतो, नळ ठिबकत असतो, ते आपल्याला कुठं ऐकू येतं? रोजचं, न बदलणारं, ज्यातून नवीन काही निघत नाही असं त्यानं ठरवून टाकलं, की तो ते पार्श्वभूमीत टाकतो. यंत्र त्याच्याकडूनच शिकलं."

"म्हणजे बायको पंख्याच्या रांगेत?"

"मेंदूची वर्गवारी आहे. मी काही म्हणत नाही."

"आमचा संसार चांगला आहे," अण्णा म्हणाले. "भांडण म्हणून नाही घरात."

"असेल की. मी संसाराचं बोलत नाही, तालाचं बोलतेय."

अण्णांनी पडद्यावरची आडवी रेष पुन्हा पाहिली. भांडण का नाही, याचं शास्त्रीय कारण त्यांना आजच कळत होतं.

"उपाय?"

"ऐका," सनदी म्हणाली. "दुसरं काय. जवळ बसा, टीव्ही बंद करा, मन लावून ऐका. आठ-दहा दिवस. रेष उठायला लागली की यंत्र आपोआप शिकेल."

औषध स्वस्त होतं. अण्णा बसनं परत येताना जरा उत्साहातच होते. आयुष्यात त्यांनी केवढाल्या भिंती उभ्या केल्या होत्या. एका बाईचं ऐकायला कितीशी ताकद लागणार? गावात शिरताना चौकात गणपतीचे मांडव उभे राहिलेले दिसले आणि जैन मंदिरावर रोषणाई चढत होती. दोन्ही दरवर्षी एकदमच येत. गणपती म्हणजे सीझन, आणि सीझनमध्ये अण्णा घरी येत ते फक्त अंग टाकायला. इचलकरंजी, कुरुंदवाड, शिरोळ असे भिंत घेऊन हिंडत. दहा दिवसांचं पर्युषण पर्व त्यांच्या वतीनं त्रिशलाच सांभाळे. एकवेळ जेवण, पूजा, देऊळ हे सगळं घरात व्हायचं. विसर्जन उरकून अण्णा येत तेव्हा कानांत तीन दिवस पुरेल इतकी शिट्टी वाजत असे, आणि ती थांबेपर्यंत पर्व संपलेलं असे.

या वर्षी ते पहिल्यांदा सगळा वेळ घरी होते.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

त्रिशलानं खुर्चीकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं, आणि पाठ वळवून डाळ निवडायला लागली.

अण्णांनी डोळे मिटले. मन लावलं. यंत्रानं इमानेइतबारे घर उलगडलं. डाळीचे दाणे ताटात पडत होते. कुकरची शिट्टी अजून आतल्या आत घुटमळत होती. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, दोन काचेच्या आणि एक धातूची. दूर कुणीतरी पूजा म्हणत होतं. तिच्या गुडघ्याचा, उठताना होणारा कट् असा आवाजसुद्धा आला. सगळं आलं. ती मात्र आली नाही.

काल निदान पुसट तरी होती. आज तेही नाही.

त्यांनी आणखी जोर लावला. कपाळावर आठ्या आल्या, मानेच्या शिरा ताणल्या. त्रिशलानं डाळ बाजूला ठेवली आणि त्यांच्यापुढे ओव्याचं पाणी आणून ठेवलं.

दिवस गेले तसे अण्णा हबकत गेले. तिचा चेहरा बघून काही कळलं असतं, पण चेहऱ्याकडे बघायची त्यांना चोरी झाली. आपण तिला पंख्यात मोजतो हे डोळ्यांतून तिला दिसेल, असं त्यांना वाटे. म्हणून ते तिच्या हातांकडे बघत. हात काहीतरी दाखवत, डब्याकडे, पिशवीकडे, दाराकडे. म्हणजे तोंडानं बोलत असणारच. अण्णा 'काय म्हणालीस, काय म्हणालीस' करत आणि मग अंदाजानं उत्तर देत.

"हो, हो. आणतो."

एकदा असंच 'आणतो' म्हणून ते मंडईत गेले. काय आणायचं ते माहीत नव्हतं, म्हणून घरात नेहमी लागणारी गोष्ट आणली: कोथिंबिरीची भली मोठी जुडी. पर्वाच्या दिवसांत हिरवी पालेभाजी व्रत करणाऱ्या घरात शिरत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण अण्णा पर्वात जेवत ते मंडळाच्या मांडवामागे, वडापाव. त्रिशलानं जुडी हातात घेतली. ती बराच वेळ जुडीकडे बघत राहिली. मग दारात गेली आणि येणाऱ्या गायीला ती घालून आली. अण्णांनी समजूत करून घेतली की तिनं गायीसाठीच मागवली होती, आणि आपला अंदाज बरोबर ठरला म्हणून त्यांना क्षणभर बरंही वाटलं.

पण संध्याकाळी ती देवळात गेली की घर मोकळं पडे, आणि अण्णा एकटे बसत. तेव्हा त्यांना दुसरीच भीती वाटे. माणूस मेला की त्याचा आवाज आठवेनासा होतो, असं त्यांनी ऐकलं होतं. इथं माणूस चालतंबोलतं होतं आणि त्यांना त्याचा आवाज आठवत नव्हता. ती लग्नात नाव घेताना अडखळली होती हे आठवे. लोक हसले हे आठवे. आवाजाच्या जागी नुसती तोंडाची हालचाल. चंदनाच्या वेळी बाळंतपणात ती काय म्हणाली होती? आई गेली तेव्हा फोनवर कुणी कळवलं होतं? तिनंच. काय शब्दांत? अण्णा गोडाऊनमध्ये जाऊन झाकून ठेवलेल्या भिंतीपुढं उभे राहत. सगळ्या जगाला ऐकवता येईल एवढी ती यंत्रं तिथं गप्प उभी होती, आणि त्यांच्यावर कबुतरं बसली होती.

---

पर्व सरत आलं असताना शेजारच्या चौगुले अक्का आल्या. अक्कांचं वय सत्तरीचं आणि आवाज असा की त्यांच्यासाठी यंत्राला मेंदूला विचारायची गरज पडत नसे. त्यांनी देवळातला प्रसाद त्रिशलाच्या हातात दिला आणि खुर्चीवरच्या अण्णांकडे मोर्चा वळवला.

"काय वो अण्णा, भिंतीपलीकडनं ऐकतीया मी चार दिस. 'काय म्हणालीस, काय म्हणालीस' चाललंय नुसतं. बिचारीचं मौन मोडायला लावताय काय?"

अण्णांनी मान वर केली. "कसलं मौन?"

"कसलं म्हंजे? पर्वाचं. दहा दिवस तोंडातनं शबुद काढत न्हाई ती. दरसाल असतंय की!" अक्का थांबल्या. त्यांनी अण्णांकडे नीट बघितलं. "का तुम्हाला ठावंच न्हाई?"

"ठाऊक आहे की," अण्णा म्हणाले. "चेष्टा करत होतो."

"व्हय, व्हय." अक्का खो खो हसल्या. "लगीन होऊन जन्म गेला आन् ह्यांची चेष्टा आत्ता सुरू. गं त्रिशला, आता दोनच दिस कळ काढ. मग चांगलं सुनाव एकदा."

त्रिशला दारात उभी होती. अण्णांनी या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते मिटलेलं होतं. फार दिवसांपासून, सवयीनं मिटल्यासारखं.

अक्का गेल्यावर अण्णांना आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे आपला मेंदू अगदीच गेलेला नाही. ती बोलतच नव्हती! ते मोठ्यानं हसणार होते. तेवढ्यात 'दरसाल' हा शब्द त्यांच्या ध्यानात आला.

दरसाल दहा दिवस ती गप्प होती. गावोगाव भिंत वाजवून ते परत येत, तिला हे सांगत, ते आण म्हणत, दमलो म्हणत, आणि एकदाही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं की समोरचं माणूस बोलत नाही. बोलत होती तेव्हा ऐकलं नाही, हे एक वेळ कानावर ढकलता आलं असतं. गप्प होती तेही ऐकलं नाही, त्याला कोणत्या डॉक्टरचा दाखला आणायचा?

---

अनंत चतुर्दशीला अण्णा पुन्हा मिरजेत.

"सगळं पुसून टाका," ते सनदीला म्हणाले. "यंत्र जे काही शिकलंय ते. कट्टा, बातम्या, सगळं."

"पुसता येतं. पाटी कोरी होईल," ती म्हणाली. "पण एक सांगते. कोऱ्या पाटीवर पहिले काही तास जे उमटतं ते फार खोल उमटतं. यंत्र चालू केल्यावर आधी कुणाला ऐकता, ते जपून ठरवा."

"ठरवलंय."

"आणि बाई बोलल्या नाहीत तर?"

"बोलेल," अण्णा म्हणाले. "उद्या क्षमावाणी आहे."

क्षमावाणीचा दिवस म्हणजे पर्वानंतरचा. त्या दिवशी सगळे देवळात जमतात आणि वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं एकमेकांना हात जोडून म्हणतात. भाऊबंद, शेजारी, कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे असलेलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी दावे पुढे चालू होतात, पण तो एक दिवस गाव मवाळ असतं.

अण्णा देवळात गेले ते यंत्र खिशात घालून. कान कोरे ठेवले. पहिला आवाज दुसऱ्या कुणाचा पडू द्यायचा नव्हता. शेकडो माणसं समोर येत होती, हात जोडत होती, ओठ हलवत होती. ज्याच्या लग्नात भिंतीनं आजोबांना दवाखान्यात पोचवलं होतं तो आला. ज्याच्या नव्या घराच्या काचा तडकल्या होत्या तो आला. काही जण जरा जास्त वेळ बोलले, एकाचे डोळेही भरून आले. अण्णांनी सगळ्यांना हात जोडले. गावानं त्यांना क्षमा केली की मागितली हे त्यांना कळलं नाही. गोंगाटाच्या मधोमध ते विहिरीच्या तळाशी उभे असल्यासारखे उभे राहिले, आणि त्रिशला बायकांच्या बाजूनं पायऱ्या उतरताना दिसली तसे घराकडे चालू लागले.

ती आधी पोचली होती. व्रताचं पारणं होतं. स्वयंपाकघरात ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून खीर ढवळत होती. अण्णा दारातल्या खुर्चीवर बसले. खिशातून बोंडं काढली. एक लावलं, मग दुसरं. कानात बारीक टिंग झाली. पाटी कोरी होती.

आणि ती आली.

पुसट नाही, शेतातून नाही, मधे काहीच नाही. आवाज वयस्कर झाला होता. थोडा बसका, दहा दिवसांच्या गप्पपणानं गंजलेला, शब्दाच्या शेवटी जरासा वर जाणारा. अण्णांना तो एकदम आठवला, आणि आठवतोय म्हणूनच ओळखू येतोय हेही कळलं. बाहेर पंखा होता, नळ होता, गल्ली होती. यंत्रानं ते सगळं निमूट खाली बसवलं. अण्णांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"अहो, आलात का?" ती खिरीकडे बघत म्हणाली. "आलो म्हणता. बरं."

अण्णांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

"साखर बेताची घातलीय. चालेल ना? चालेल म्हणता. चंदनाला फोन करायचाय आज. दुपारी करू म्हणता? दुपारी तर दुपारी."

ती मधे थांबत नव्हती. प्रश्न तिचा, उत्तर तिचं, आणि दोन्हींच्या मधे श्वासाएवढीसुद्धा फट नव्हती. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं, एकटीनंच दोन्ही बाजूंनी धरलेलं ते बोलणं होतं. अण्णा खुर्चीच्या कडेवर येऊन, नदी उतरायला जागा शोधणाऱ्या माणसासारखे, कुठं पाय ठेवता येतो ते बघत राहिले.

तिनं गॅस बारीक केला. पदराला हात पुसले. वळली नाही. भिंतीकडे तोंड ठेवूनच तिनं हात जोडले.

"वर्षभरात कळत-नकळत काही बोलले असेन, मन दुखावलं असेल, तर क्षमा करा." आणि त्याच श्वासात, "केली म्हणता. बरं."

तिनं पुन्हा पळी हातात घेतली.

अण्णा उठले. जन्मभर ते ओरडून बोलत आले होते. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की माणूस ओरडतोच. आज तो त्यांना नीट ऐकू येणार होता, म्हणून ते हळू बोलले. घरात कुणी कुणाशी बोलावं तितकंच हळू.

"त्रिशला, मलाही क्षमा कर."

पळी थांबली. तिनं मान वर केली आणि कान देऊन ऐकलं. मग पदर सावरला, अण्णांच्या बाजूनं पुढे झाली आणि बाहेरच्या दाराकडे गेली.

"कोण आलंय वो? आवाज ओळखीचा नाही," दार उघडत ती म्हणाली. गल्ली रिकामी होती. तिनं दोन्ही बाजूंना पाहिलं.

"कोणी नाही म्हणता," ती म्हणाली. "बरं."